बांधाच्या दुसऱ्या टोकाला

बाबांना लकवा मारला तो पोळ्याच्या आदल्या दिवशी. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एकदम गेली. दिवाळीपर्यंत पाय ओढत का होईना ते काठी धरून चालायला लागले. हातात पेला धरता येईल एवढं बळ आलं. बोलणं मात्र आलं नाही. एकच शब्द त्यांच्याजवळ उरला होता, 'बरं'. भूक लागली तरी बरं, चहात साखर विसरली तरी बरं, रागावले तरी बरं. रागाचं बरं आणि भुकेचं बरं मला हळूहळू ओळखू यायला लागलं, पण त्यापलीकडे काही नाही.

घरात आम्ही दोघंच. आई मी नववीत असताना गेली. माझा संसार चार वर्षं टिकला आणि मी परत आले, त्यालाही आता वीस वर्षं झाली. मी अकोल्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. जठारपेठेत आमचं दोन खोल्यांचं घर आहे. बोलणं शिकवायला एक बाई आठवड्यातून दोनदा घरी यायच्या. त्या चित्रांची कार्डं दाखवायच्या. गाय, कप, कात्री. बाबा कार्डाकडे पाहायचे, मग त्यांच्याकडे, मग भिंतीकडे. "बरं," म्हणायचे आणि तोंड फिरवून घ्यायचे. ज्या माणसाने तीस वर्षं रेल्वेत काढली, धामणगावच्या केबिनवर रात्रंदिवस गाड्या सांभाळल्या, त्याच्यासमोर गाईचं चित्र धरलेलं मलाच बघवत नव्हतं.

डिसेंबरात एका रविवारी त्यांनी मला हाताला धरून आतल्या खोलीत नेलं आणि डाव्या हाताने माळ्याकडे दाखवलं. मी एकेक वस्तू काढून दाखवत गेले. जुनी ट्रंक, नाही. पंखा, नाही. शेवटी गळाच्या काठ्या निघाल्या, कापडात बांधलेल्या. त्यांनी त्या हातात घेतल्या आणि पलंगावर बसून राहिले. जेवायला उठेनात.

मासे धरणं मी त्यांच्याकडूनच शिकले. सुट्टीच्या दिवशी ते मला सायकलवर पुढे बसवून तळ्यावर न्यायचे. आमच्या नात्यात पोरीबाळी असलं काही करत नाहीत, म्हणून मोठी झाल्यावर ते सुटलं. नाही म्हणावं असं कारण मात्र आता कोणतंच नव्हतं.

मूर्तिजापूरच्या पलीकडे, आत फाट्यावरून तीन-चार कोस गेलं की एक जुना तलाव आहे. इंग्रजांच्या वेळचा. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. बांध काळ्या घडीव दगडांचा, आणि सरळ नाही. दोन्ही टोकं पाण्याकडे वळलेली आहेत, एखाद्याने पाणी कवेत घ्यावं तशी. पाण्याच्या अंगाने भिंतीला लागून हातभर रुंदीचा दगडी कट्टा या टोकापासून त्या टोकापर्यंत जातो. आम्ही डाव्या टोकाला बसायचो. तिथे आठ पायऱ्या उतरल्या की कट्टा थोडा रुंद होतो आणि भिंतीत एक लोखंडी कडी आहे, पूर्वी होडी बांधायची असावी. मी बाबांच्या कमरेला ओढणी बांधायची आणि तिचं दुसरं टोक त्या कडीला. त्यांना ते आवडायचं नाही, पण मी ऐकायची नाही.

पहाटे निघून उजाडता उजाडता आम्ही पोचायचो. त्या दिवसांत धुवारी दाट पडायची. आमच्याकडे धुक्याला धुवारी म्हणतात. तुरीचा बहर तिने गळतो म्हणून शेतकरी तिला शिव्या देतात. तलावावर ती इतकी जड बसायची की पायाखालचं पाणी दिसायचं, पण दहा हातांवरचं काही दिसायचं नाही. आवाजही मरून जायचे. मधूनच कुठेतरी मरळ श्वास घ्यायला वर यायची. गपकन एक आवाज यायचा, लहान मुलाने ओठ मिटून झटकन उघडावेत तसा, आणि परत काही नाही. हा मासा हवेवर जगतो. त्याला पाण्याबाहेर तोंड काढावंच लागतं. हे मला लहानपणापासून माहीत होतं, तरी त्या धुवारीत तो आवाज आला की मानेवर काटा यायचा.

थंडीत मरळ सुस्त असते. गांडूळ, पीठ, काही टाका, ती हलत नाही. जिवंत बारीक मासोळी समोर फडफडली तरच तोंड लावते. म्हणून आधी मासोळ्या धरायच्या. बाबांना बसवून मी चाळीस-पन्नास पावलं मागे, ओढा तलावाला मिळतो तिथे उथळ पाण्यात जायची. मच्छरदाणीच्या तुकड्यात कणकेचा गोळा ठेवून तो पाण्यात बुडवायचा आणि पाच मिनिटांनी चारी कोपरे धरून उचलायचा. बोटाच्या पेराएवढ्या पंधरा-वीस मासोळ्या यायच्या. त्या रंगाच्या डब्यात पाणी घालून ठेवायच्या. गळ ओवायचा तो पाठीवरच्या पराच्या जरा खाली, कण्याला न लागता. नीट ओवला तर मासोळी अर्धा तास पोहत राहते. माझा हात सुईला सरावलेला. बाबा बघायचे आणि मान हलवायचे. मग डाव्या हाताने दोर सोडायचे. मोरपिसाच्या देठाचा तरंगा पाण्यावर उभा राहायचा आणि खाली मासोळी फिरायला लागली की तो थरथरायचा.

पहिल्या दोन रविवारी काही वेगळं झालं नाही. एक पावशेराची मरळ लागली, बाबा खूश होते.

तिसऱ्या रविवारी मी ओढ्यात वाकलेली होते. हात थंडीने बधिर झाले होते. धुवारीतून मला कुजबुज ऐकू आली. शब्द कळत नव्हते, पण कोणीतरी बोलतंय एवढं कळत होतं. थोडं बोलणं, मग थांबणं, मग परत बोलणं. मला वाटलं राखणदार आला असेल. मी डबा उचलून बांधाकडे आले. धुवारीत आधी बाबांची शाल दिसली, मग बाबा दिसले. त्यांनी डोकं मागे भिंतीला टेकवलं होतं. ओठ हलत होते. मग ते हसले. आवाज न करता, खांदे हलवून, आजारापूर्वी हसायचे तसे. आजूबाजूला कोणी नव्हतं.

मी पायरीवर पाय ठेवला तसे ते गप्प झाले.

"बाबा, कोणाशी बोलत होते?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चोरी पकडल्यासारखं ते पाहणं होतं. "बरं," म्हणाले, आणि डब्याकडे हात केला.

परत येताना मी गाडी चालवत होते आणि ते बाजूला डोळे मिटून बसले होते. मला एकच विचार येत होता, आता डोकंही चाललं. सोमवारी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, असं होतं, माणसं स्वतःशी पुटपुटतात, त्याचा फार अर्थ काढू नका. मी काढला नाही. पण पुढच्या रविवारी मी मासोळ्या धरायला गेले तेव्हा कान तिकडेच होते, आणि तीच कुजबुज परत आली. जवळ गेले की बंद. लांब गेले की सुरू.

त्याच दिवशी नऊच्या सुमारास बाबांना थंडी वाजायला लागली. मी त्यांना गाडीत नेऊन बसवलं, थर्मासमधला चहा दिला आणि काठ्या आवरायला परत खाली आले. एका काठीचा तरंगा हलत होता. म्हणून मी बाबांच्या जागी टेकले, त्यांच्यासारखीच, भिंतीला डोकं लावून.

माझ्या कानाशी कोणीतरी खोकलं.

लांबून आलेला खोकला नव्हता तो. कानाच्या पाळीला लागून, वीतभरावर. सुका, छातीतून ओढलेला खोकला. मी वळून पाहिलं. दगड होता. ओला काळा दगड, त्यावर शेवाळ्याची रेघ. मी परत हळूच डोकं टेकवलं. का टेकवलं ते सांगता येत नाही. उठून जायला हवं होतं.

"गेले का?" दगड म्हणाला. पुरुषाचा आवाज, म्हातारा. "काऊन चूप झाले? मासा लागला काय?"

मी हलत्या तरंग्याकडे बघत राहिले.

"दादा?" आवाज म्हणाला. आणि मग थोडं थांबून, वेगळ्या सुरात, "कोन हाय तठी?"

मी डबा आणि काठ्या दोर न गुंडाळताच उचलल्या आणि आठ पायऱ्या चढून पळाले. गाडीत बाबा कप धरून बसले होते. मी आत बसून दाराचं लॉक लावून घेतलं. बाबांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग तलावाकडे पाहिलं. "बरं," ते म्हणाले. समजूत घालायचं बरं होतं ते.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला माहीत. लॅबमध्ये सुई टोचताना माणसं काही बोलली की मी दचकायची. कोणाला सांगणार? बापाला भास होतात हे सांगता येतं. बापाचे भास मलाही ऐकू येतात हे कोणाला सांगायचं? शनिवारी संध्याकाळी मी ठरवलं होतं, उद्या जायचं नाही. पण बाबांनी डबा धुऊन दाराशी ठेवला होता, एका हाताने. झाकणाची भोकं खिळ्याने परत मोकळी केली होती.

आम्ही गेलो. मी त्यांना कट्ट्यावर बसवलं, ओढणी बांधली, पण ओढ्याकडे गेले नाही. त्यांच्या शेजारी बसले आणि भिंतीला कान लावला. बाबांनी मला अडवलं नाही.

बराच वेळ काही नव्हतं. मग कापड घासल्यासारखा आवाज, आणि तोच खोकला. मी डोळे मिटून घेतले आणि म्हणाले, "कोण आहे?"

"तुमी कोन हा?" आवाज म्हणाला. तोही दबकलेला होता. "मागच्या इतवारी तुमीच होत्या काय? मी तर घाबरून गेलो. चार दिवस झोप नाही."

"तुम्ही कुठे आहात?"

"मी अठीच हाव. बांधावर. पिपयाखाली."

आमच्या बाजूला पिंपळ नव्हता. मी बाबांना म्हटलं, हलू नका, आणि वर चढून बांधावरून चालायला लागले. धुवारीत पुढचं पाऊल दिसत नव्हतं. पावलं मोजली तर निदान डोकं जागेवर राहील म्हणून मोजत गेले. दोनशेवर पावलं झाली तरी नुसता बांध आणि दोन्हीकडे पांढरं. तीनशेच्या पुढे पिंपळाची एक फांदी दिसली. तिथून खाली पायऱ्या, आणि पायरीवर एक म्हातारा मुसलमान माणूस बसलेला. डोक्याला मफलर, अंगात दोन स्वेटर, हातात काठी, बाजूला ताडपत्रीचा तुकडा आणि मासोळ्यांचा डबा. मला पाहून तो उठून उभा राहिला. त्याचाही चेहरा पांढराफटक होता.

"या अल्ला," तो म्हणाला. "बाई हाय खरंच."

मी तिथेच पायरीवर बसले.

ते दर्यापूरचे. गाद्या-रजया भरायचं दुकान होतं, आता मुलगा बघतो. जन्मभर कापूस पिंजून छातीत कापूस भरला, म्हणून तो खोकला. डॉक्टरने घरात बसायला सांगितलं होतं, म्हणून ते घरात बसत नव्हते. दर रविवारी मोपेडवर इथे यायचे. मी त्यांना चाचा म्हणायला लागले ते त्या दिवसापासून.

"तुमाले आवाज कसा येते ते मले नाई माहीत," ते म्हणाले. "मी भितीले टेकलो न बोललो, का तिकडून जवाब येते. पयले वाटलं जिन हाय. मग म्हटलं, जिन असला तरी चांगला हाय. मासे धरते."

"जवाब येतो?" मी विचारलं. "कोणाचा जवाब?"

"दादाचा. तुमचे कोन लागतात?"

"वडील. चाचा, माझे वडील बोलत नाहीत. त्यांना लकवा झाला आहे. चार महिने झाले, त्यांना एकच शब्द येतो."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मग काठी खाली ठेवली.

"नाई बेटी," ते म्हणाले. "लय बोलतात ते. मी बोलतो त्याच्याहून जास्त. रेलवेचं बोलतात. रातच्या मालगाडीचं. तुमची आई गेली तवाचं सांगतलं त्याईनं. तुमचंबी सांगतलं."

"माझं काय?"

"लहानपनी तुमी मासोयाचा डबा पान्यात उलटा केला म्हने. तुमाले कीव आली. अन् बापाले सांगतलं, का गाय आली न तिनं पाय मारला."

मी काय सांगू. हे मी आयुष्यात कोणालाही सांगितलं नव्हतं. आठ वर्षांची असेन. डब्यात त्या एकमेकींवर चढत होत्या आणि तोंड उघडत होत्या. बाबा मागे विडी ओढत होते. मी डबा कलंडवला आणि गाईचं नाव घेतलं. तळ्यावर त्या दिवशी गाय नव्हतीच. बाबा काही बोलले नाहीत, दुसऱ्या मासोळ्या धरल्या. मला जन्मभर वाटत होतं की त्यांना कळलं नाही. आणि आता दर्यापूरचा एक अनोळखी माणूस मला ते पिंपळाखाली सांगत होता.

मी चाचांना घेऊन बाबांकडे आले. तोवर धुवारी थोडी विरळ झाली होती. बाबा तसेच बसले होते. चाचा पायऱ्या उतरले, समोर उभे राहिले आणि म्हणाले, "सलाम दादा. मी आलो."

बाबांनी वर पाहिलं. तोंड उघडलं. जबडा एका बाजूला ओढला गेला, गळ्यातून काहीतरी वर आलं आणि अडकलं. "बरं," ते म्हणाले. परत प्रयत्न केला. "बरं. बरं." डोळ्यांत पाणी आलं ते रागाचं होतं. चाचा खाली बसले आणि त्यांनी बाबांचा उजवा हात, निर्जीव पडलेला, आपल्या दोन्ही हातांत धरला. तरंगा बुडाला तो तिघांपैकी कोणीच पाहिला नाही. मासोळी गेली, गळ रिकामा वर आला.

निघताना चाचांनी मला बाजूला घेतलं. "हेच का?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. "बेटी, खरं सांग. तुह्यासंग अजून कोनी येते का?"

"कोणी नाही."

"आवाज तर भरदार हाय त्याचा. हुकमाचा आवाज." त्यांनी परत एकदा बाबांकडे पाहिलं, पण जवळ गेले नाहीत.

लॅबमध्ये तपासणीला येणारे एक निवृत्त विज्ञान शिक्षक होते. मी त्यांना, बाबांचं नाव न काढता, बांधाचं विचारलं. ते म्हणाले, भिंत आतल्या बाजूला वाकलेली असली की आवाज तिला धरून घसरत जातो, या टोकाचं त्या टोकाला ऐकू येतं, मधल्याला काही येत नाही. थंडीच्या सकाळी, पाण्यावर तर आणखीच. त्यांनी कागदावर आकृतीही काढून दिली. चाचांच्या आवाजाची भीती तेवढ्याने गेली. पण त्या आकृतीत माझ्या बापाचं बोलणं कुठेच बसत नव्हतं.

बोलणं शिकवणाऱ्या बाईंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, समोरचं माणूस तोंडाकडे बघत असलं की काही पेशंट बंद होतात. एकटे असताना जुनी वाक्यं निघतात, गाणी, शिव्या, पाढे. पण सगळी हकिगत सांगणं, तसं होत नाही. त्या असं म्हणाल्या आणि मला धामणगावची केबिन आठवली. तीस वर्षं बाबा फोनवर पुढच्या आणि मागच्या स्टेशनावरच्या माणसांशी बोलत होते. गाडी सोडली, गाडी पोचली, आणि दोन गाड्यांच्या मध्ये घरचं, पोरीबाळींचं, पावसापाण्याचं. त्यातल्या कित्येकांची तोंडं त्यांनी कधी पाहिली नाहीत. एक माणूस मेल्याचं कळलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते, आणि तो दिसायला कसा होता ते त्यांना सांगता येत नव्हतं.

मला एकदा ऐकायचं होतं. तेवढाच माझा हट्ट. जानेवारीच्या शेवटच्या रविवारी मी चाचांना म्हटलं, आज मी तुमच्या जागी बसते. ते नको म्हणाले नाहीत, पण त्यांना ते आवडलंही नाही. बाबांना बसवून, ओढणी बांधून, काठी हातात देऊन मी निघाले. काही बोलले नाही. ओढ्याकडे वळले आणि मग वरून बांधावर आले. पिंपळाखाली चाचा उभेच राहिले. मी त्यांच्या ताडपत्रीवर बसून भिंतीला कान लावला.

आधी श्वास ऐकू आला. बाबांचाच, शेवटी थोडी शीळ वाजणारा. मग डब्यात मासोळ्यांची फडफड, इतकी स्पष्ट की डबा माझ्या मांडीवर असावा. मग दोर पाण्यात पडला. मग बराच वेळ काही नाही. कुठेतरी मरळ वर आली आणि गेली.

"पोरगी तिकडं आली काय?"

तो आवाज मी पोळ्यापासून ऐकला नव्हता. त्याच्याही आधीचा होता तो, खूप आधीचा. केबिनमध्ये असताना त्यांचा आवाज असा असायचा, घरात कधीच नाही. भरदार, हुकमाचा, प्रत्येक शब्द वेगळा. चाचांनी सांगितलं होतं तसा. हा माझा बाप होता आणि हा माझा बाप नव्हता.

"आली असंल तर तिले म्हना, पायात काहीतरी घाल. फरशी थंडी हाय घरची. अनवानी फिरते."

मी चाचांकडे पाहिलं. त्यांना तिथे उभं राहून काही ऐकू येत नव्हतं. त्यांनी नजरेने विचारलं, काय?

मी भिंतीकडे तोंड केलं. खूप काही विचारायचं होतं. तोंडून एवढंच निघालं, "हो बाबा, मीच आहे."

श्वास थांबला. मग एक घोगरा, ओढलेला, घरचा आवाज आला.

"बरं."

पुढे काहीच आलं नाही. मी दोनदा हाक मारली. फक्त ती शीळ वाजत राहिली. मी उठले आणि चाचांना त्यांची जागा दिली. परत गेले तेव्हा बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घरी आल्यावर मी न बोलता चपला घातल्या.

त्यानंतर मी कधी कान लावला नाही. मी मध्ये असले की ते बंद होत होतं, एवढं मला समजलं होतं. ते सोसायला मला काही दिवस लागले. पाच महिने मी त्यांना भरवत होते, अंघोळ घालत होते, आणि त्यांचं सगळं बोलणं तीनशे पावलांवरच्या माणसाला जात होतं. एकदा तर मी बुधवारी विनाकारण भांडं आपटलं. ते म्हणाले, "बरं." मला माफी मागावीशी वाटली.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात बाबांना सव्वा किलोची मरळ लागली. मी ओढ्यात होते, आरडाओरडा नाही, काही नाही. येऊन पाहते तो त्यांनी काठी काखेत दाबून, डाव्या हाताने दोर मनगटाला गुंडाळत तिला कट्ट्यापर्यंत आणलं होतं. ओढणी ताणून कडी वाजत होती. वर काढली तेव्हा तिचं तोंड उघडं होतं आणि आत आमची मासोळी अजून जिवंत होती. मी ती सोडवली. बाबांनी ती माझ्या हातातून घेतली आणि पाण्यात सोडून दिली. मरळ आम्ही चाचांबरोबर दर्यापूरला पाठवली. त्यांच्या घरच्यांनी केलेलं कालवण पुढच्या रविवारी डब्यात आलं.

मग धुवारी संपली. मार्चात पाणी खाली गेलं आणि कट्ट्याखालची भिंत उघडी पडली. आम्ही दोन-तीनदा गेलो, पण बाबा भिंतीला टेकायचे आणि थोड्या वेळाने सरळ बसायचे. चाचांकडूनही काही येत नव्हतं. ते म्हणाले, लाइन तुटली. एप्रिलमध्ये एका दुपारी बाबांना दुसरा झटका आला आणि ते त्याच संध्याकाळी गेले. दवाखान्यात त्यांनी एकदाही बरं म्हटलं नाही.

मी फोनवर कळवलं तसे चाचा तिसऱ्या दिवशी जठारपेठेत आले. एवढ्या उन्हात मोपेडवर. पाणी प्यायले, बाबांच्या पलंगाजवळ बसले. मी त्यांना सरळच विचारलं, "ते शेवटी काय बोलले तुमच्याशी?"

"लय बोलले."

"मला सांगा ना."

ते फरशीकडे बघत राहिले. "जे सांगायचं असते ते सांगतो बेटी. डब्याचं सांगतलं का नाही तुले? अन् काही दादा म्हने, नोको सांगू. ते नाही सांगत."

मला राग आला. माझ्या बापाचं बोलणं होतं ते, आणि त्याच्यावर हक्क होता तो एका रजयावाल्याचा. मी त्यांना दारापर्यंत सोडायलाही गेले नाही. पावसाळाभर फोन केला नाही. शेवटी मोहरमच्या सुट्टीत त्यांच्या सुनेचा फोन आला, अब्बांना तुमची चौकशी करायची आहे पण ते संकोचतात. मग मी दर्यापूरला जाऊन आले.

या थंडीत मी परत तलावावर जायला लागले. एकटी. मासोळ्या धरते, ओवते, दोर सोडते. बाबांच्या जागी बसत नाही, पिंपळाच्या बाजूला चाचांजवळ बसते. आम्ही फार बोलत नाही. मरळ लागली तर त्यांना देते, मला एकटीला करायचा कंटाळा येतो.

पण मी पोचते तेव्हा ते नेहमी आधीच आलेले असतात. धुवारीत मला वरून त्यांचा मफलर दिसतो. डोकं मागे भिंतीला टेकवलेलं, डोळे मिटलेले, आणि मधूनच ते मान हलवतात. एकदा मी त्यांना हसताना पाहिलं. मी वरच्या पायरीवर उभी राहते आणि ते डोळे उघडेपर्यंत खाली उतरत नाही.